ओंजळभर कापसाचा गेम

आमच्या गावात पहिला व्हिडिओ गेम आला तो १९९६च्या दिवाळीत. साल पक्कं लक्षात आहे, कारण मी तेव्हा चौथीत होतो आणि त्या वर्षी वेचलेला कापूस घरात थेट माळवदाच्या लाकडांना टेकला होता. आम्ही पोरं त्या ढिगात उड्या मारायचो. अंगाला खाज सुटायची आणि माय फोक घेऊन मागं लागायची. गाव अंबड तालुक्यातलं. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या शिवारापासून फार लांब नाही, पण आमची जमीन कालव्याच्या वरच्या अंगाला. पाणी खालून जातं, आम्ही वरून बघतो. एवढं सांगितलं की आमच्या गावाचा अर्धा इतिहास सांगून होतो. उरलेला अर्धा आम्हा पोरांचा. तो कुणी लिहिला नाही, म्हणून मी लिहायला बसलो.

गेम आणला गुरुजींच्या थोरल्या पोरानं. तो तेव्हाच्या औरंगाबादला शिकायला होता. करड्या प्लॅस्टिकचा डबा, त्याला वायरीनं जोडलेली दोन रिमोटं, एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. शहरात असले डबे समुराई, लिटल मास्टर अशा नावांनी मिळत. कॅसेटवर आकडा छापलेला, ९९९९ गेम. आम्ही चार दिवस मोजायला बसलो. खरे गेम निघाले तेरा-चौदा. बाकी तेच गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. कुठं गाडीचा रंग वेगळा, कुठं सुरुवात तिसऱ्या टप्प्यापासून. निवडणुकीच्या जाहीरनाम्यासारखं.

पुढं कळलं की हा डबा मुळात जपानचा. क्योटो शहरातल्या निन्टेंडो कंपनीनं १९८३ साली फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं. तैवानात आणि चीनमध्ये त्याच्या नकला झाल्या आणि त्या नकला हिंडत हिंडत आमच्या गुरुजींच्या वाड्यात आल्या. अस्सल माल आम्ही कधी पाहिलाच नाही. आमचं सगळं बालपण नकलेवर गेलं, पण त्यातला आनंद मात्र नकली नव्हता.

गुरुजींच्या पोरानं दर लावला. एका डावाला आठ आणे. एका डावात तीन जीव. आठ आणे आणायचे कुठून? तेव्हा गावच्या किराणा दुकानात पोरांना गोळ्या-बिस्किटं कापसावर मिळायची. ओंजळभर कापूस नेला की दुकानदार हातानंच वजन अजमावून गोळ्या द्यायचा. मी त्याला म्हणलं, गोळ्या नको, पैसे द्या. त्यानं एक डोळा बारीक करून माझ्याकडं बघितलं आणि आठ आणे दिले. तेव्हापासून दोन महिने मी सांच्याला चड्डीच्या दोन्ही खिशांत कापूस कोंबून दुकानाकडं पळायचो. खिसे फुगलेले दिसू नयेत म्हणून सदरा बाहेर काढायचो. ही चोरी होती हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण तीन जीवांचं आकर्षण फार मोठं होतं.

आता गेमांविषयी माझी मतं सांगतो. मी काही तज्ज्ञ नाही. पण तीस वर्षं खेळतोय, तेवढा अधिकार धरतो.

मारिओला आम्ही मिशीवाला म्हणायचो. १९८५ सालचा हा गेम, शिगेरू मियामोतो नावाच्या माणसानं केलेला. मिशीवाला कुत्र्याची छत्री खायचा आणि मोठा व्हायचा. आम्हाला याचं भारी हसू यायचं, कारण आमच्याकडं उकिरड्यावर उगवलेल्या कुत्र्याच्या छत्रीला कुणी हात लावत नाही. दुसरं नवल त्या हिरव्या पाइपांचं. पाइपावर उभं राहून खालचं बटण दाबलं की मिशीवाला आत उतरायचा आणि खाली सोन्याची नाणी. त्याच उन्हाळ्यात आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, बोअर पाडली होती. गाडी दिवसभर धडधडली. तीनशे फुटांपर्यंत पाइपातून नुसता फुफाटा वर आला. मला रात्री स्वप्न पडलं की मी केसिंग पाइपावर उभा राहून खालचं बटण दाबतोय. सकाळी मायला सांगितलं, तर ती म्हणली, "दाब बाबा, पाणी लागलं तर सांग."

माझं मत असं की मारिओइतका न्यायी गेम दुसरा नाही. मेलो तर चूक आपलीच असते. खड्डा काल होता तिथंच आज असतो. शेतात असं कुठं असतं?

काँट्रा म्हणजे दोन उघडेबंब गडी, बंदुका घेऊन नुसते धावत सुटलेले. हा दोघांनी मिळून खेळायचा. तीन जीवांत कुणाच्या बापाच्यानं संपायचा नाही. मग एक दिवस मंत्र आला. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. पहिल्या पडद्यावर एवढं दाबलं की तीस जीव. हा मंत्र आमच्यात आणला अंबडला शिकणाऱ्या एका पोरानं. त्याला कुणी सांगितला ते त्यालाही आठवत नव्हतं. खूप वर्षांनी वाचलं की काझुहिसा हाशिमोतो नावाच्या प्रोग्रामरनं १९८६ साली 'ग्रेडियस' गेम घरच्या यंत्रावर आणताना स्वतःला तपासायला सोपं जावं म्हणून ही चोरवाट ठेवली होती. ती काढायची राहून गेली. जपानात एकाच्या हातून राहिलेली गोष्ट जात्यावरच्या ओवीसारखी तोंडोतोंडी जालना जिल्ह्यात आली. ना फोन, ना इंटरनेट. तोंडी परंपरा म्हणतात ती हीच.

बॅटल सिटीला आम्ही रणगाडा म्हणायचो. विटांच्या भिंतीआड एक गरुड बसवलेला. वरून येणारे रणगाडे फोडायचे आणि गरुड सांभाळायचा. शहरातल्या पोरांना ही लढाई वाटत असेल. आम्हाला ती राखण वाटायची. ज्वारी हुरड्याला आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, एका कोपऱ्यातली पाखरं उठवली की दुसऱ्या कोपऱ्यात उतरायची. अगदी तसंच. माझा चुलत भाऊ या गेमात कधी हरला नाही, कारण तो शाळेपेक्षा माळ्यावर जास्त असायचा.

बदकाच्या गेमची बंदूक हे मोठं कोडं होतं. टीव्हीतल्या बदकाला बाहेरची बंदूक लागते कशी? गोष्ट अशी की चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा असतो. त्याला पांढरं दिसलं की बदक पडलं. हे सगळं इतक्या झटक्यात होतं की माणसाच्या डोळ्याला कळत नाही. जुन्या काचेच्या टीव्हीवरच हे चालतं, आताच्या चपट्या टीव्हीवर नाही.

पुढच्या दिवाळीपर्यंत गुरुजींची बदली झाली आणि डबा गेला. गावात आठ-पंधरा दिवस सुतक पडल्यागत झालं. मग आम्ही परत विटीदांडू, आट्यापाट्या, सूरपारंब्या. पण काहीतरी गेलं होतं.

१९९८च्या हिवाळ्यात आण्णा तूर घेऊन जालन्याच्या मोंढ्यात गेले आणि मला सोबत नेलं. जालना सोने का पालना, असं आजा सांगायचा. मला पालना काही दिसला नाही. पोती, हमाल, बैलगाड्या आणि धुरळा दिसला. आण्णा म्हणले, "हितं पोत्यावर बस. काटा झाला की येतो. हालू नको." मी हाललो. बसस्टँडच्या अंगाला पडदा लावलेल्या एका खोलीतून ढिशुम ढिशुम आवाज येत होता.

आत कपाटाएवढी यंत्रं. एका यंत्राभोवती गर्दी. रुपयाचं नाणं टाकायचं आणि खेळायचं. त्या गेमला सगळे मुस्तफा म्हणत. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीचा, १९९३ सालचा, एका अमेरिकन चित्रकथेवरून केलेला. त्यात चार गडी होते, त्यातली एक बाई. पण पिवळी टोपी घातलेल्या मुस्तफानं सगळ्यांना मागं टाकलं. देशभरात पोरांनी गेमचं बारसं त्याच्याच नावानं केलं. जालन्यात तर ते नाव गल्लीतलंच. लांबच्या देशात केलेल्या गेमात आपल्या शेजाऱ्याच्या नावाचा गडी दिसतो आणि तोच सगळ्यांत जोरात धावून लाथ घालतो, याचं कौतुक होतं. तीन अनोळखी पोरं खांद्याला खांदा लावून खेळायची आणि एकाचा जीव कमी झाला की दुसरा आपल्या वाटणीचं खाणं त्याला सोडायचा. "तू खा ले, तू खा ले," असं चालायचं. एकत्र खेळायचा यापेक्षा चांगला गेम मी पाहिला नाही. आता फोनवर शंभर जण एका वेळी खेळतात, पण खांदा लागत नाही.

माझ्याकडं एकच रुपया होता. तो पाच मिनिटांत संपला. मग नुसता बघत उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. मागून खांद्यावर हात पडला. आण्णा. घामानं भिजलेले, पटका सुटलेला. दोन तास ते मला सगळ्या मोंढ्यात शोधत होते. विहिरीतसुद्धा डोकावून आले होते. गावाकडची शेवटची एसटी गेली होती.

मी मार खायच्या तयारीत डोळे मिटले. मार आला नाही. डोळे उघडले तर आण्णा यंत्राकडं बघत होते. मुस्तफा पडला, खाली आकडे उलटे मोजायला लागले, पोरानं नाणं टाकलं, मुस्तफा उठला.

"मेलं तरी रुपाया टाकला की उठतंय व्हय," आण्णा म्हणले. "बरंय."

रात्री आम्ही आडत दुकानाच्या ओट्यावर पोत्यांना टेकून झोपलो. फडक्यातली भाकर आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मला वाटलं, विषय संपला. अंधारात आण्णा बोलले, "कापूस नेत व्हता ना तू? मागल्या सालाला?"

माझ्या पोटात गोळा आला.

"ढिगाला खड्डा पडला की दिसतं बाबा. मव्हा कापूस आहे, मला न्हाई कळणार? नेत जाऊ नको आन्‌ न्यायचा तर मागून नेत जा. मागितलं तर आपलं असतं. न मागता नेलं की आपल्याच घरातलं परक्याचं व्हतं."

एवढं बोलून ते कुशीवर वळले. मी रात्रभर जागा. खिशातला कापूस अजून टोचतोय असं वाटत होतं.

त्यानंतर गेम माझ्या आयुष्यात तुकड्यातुकड्यानं आले. दहावीनंतर जालन्याला कॉलेज, संगणकाचा क्लास. सर बाहेर गेले की डेव्ह. सायबर कॅफेत 'व्हाइस सिटी', 'आयजीआय', 'क्रिकेट ०७'. यांविषयी फार लिहीत नाही, सगळ्यांनीच ते खेळलेत. 'व्हाइस सिटी'विषयी एकच सांगतो. समुद्र मी पहिल्यांदा त्यात पाहिला, मुंबईला नंतर गेलो. लोक म्हणत, त्या गेमात पोरं मारामाऱ्या शिकतात. मी तासन्‌तास नुसती मोटारसायकल घेऊन समुद्राकाठी हिंडायचो. पैसे कापल्याचं दुःख तेवढं व्हायचं.

घरात फोन आला तो नोकिया ११००. २००३ साली निघालेला हा फोन जगात पंचवीस कोटींच्या वर खपला. आमच्या भागात तो खपला त्याच्या बॅटरीमुळं. बॅटरी म्हणजे टॉर्च. ते लोडशेडिंगचे दिवस. शेताला थ्री फेज लाइट यायची रात्री. ती येईपर्यंत आखाड्यावर बसून राहायचं. मोटर चालू झाली की गुडघाभर चिखलात दारं धरायची. त्या फोनात सापाचा गेम होता. फिनलंडच्या तानेली अर्मांतो नावाच्या इंजिनिअरनं १९९७ साली नोकियाच्या फोनात तो पहिल्यांदा घातला. साप खातो, लांब होतो आणि शेवटी आपल्याच अंगावर आपटून मरतो. लाइटीची वाट बघत मी आखाड्यावर तो खेळायचो आणि लाइट आली की तोच फोन पुढं धरून खरा साप आहे का बघत बांधावरून चालायचो. घोणस दोनदा दिसली. ११००वर हजाराच्या वर गेलेला माझा आकडा गावात कुणी मोडला नाही. पण त्या गेमबद्दल माझं मत काळजीचं आहे. तो खेळताना कळायचं की जेवढं मिळवावं तेवढी हालायची जागा कमी होते. कर्ज काढून बाग वाढवणाऱ्या माणसाला हे आधी कळायला पाहिजे होतं.

बाग म्हणजे मोसंबीची. २००३ साली दुसऱ्या बोअरला पाणी लागल्यावर आण्णांनी तीनशे झाडं लावली. न्यूसेलर. जालन्याची मोसंबी म्हणजे नाव आहे, पुढं २०१६ला तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पाचव्या-सहाव्या वर्षी बाग धरली. घराला स्लॅब पडला तो मोसंबीवर, माझं लग्न झालं ते मोसंबीवर. मग २०१२चा पाऊस आला नाही. २०१३च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्याचं काय झालं ते पेपरात येऊन गेलं. शहरात पंधरा-पंधरा दिवस नळाला पाणी नाही, गावोगाव टँकर. आण्णांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवायचा प्रयत्न केला. आधी तीनशे, मग निवडून शंभर, मग विहिरीजवळची वीस.

मी तेव्हा जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीत संगणकावर नोंदी करायच्या कामाला होतो आणि खोली करून राहत होतो. सांच्याला ऑफिसातच बसून फेसबुकवर 'फार्मव्हिल' खेळायचो. अमेरिकेतल्या झिंगा कंपनीचा गेम, २००९ साली आलेला. जमीन नांगरायची, पेरायचं आणि वाट बघायची. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार. वेळेवर काढली नाही तर मात्र सुकून जायची, म्हणून लोक अलार्म लावून उठायचे. माझं शेत हिरवंगार होतं. कुंपण, गायी, सफरचंदाची झाडं. गावाकडं बाग वाळत होती आणि मी इकडं रोज शेतात जात होतो. आता लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा दिवसातून तेवढंच हिरवं दिसायचं.

मे महिन्यात आण्णा बँकेच्या कामासाठी जालन्याला आले आणि मला शोधत थेट ऑफिसात. पडदा बंद करायला वेळच मिळाला नाही. ते मागं उभे राहून बघत राहिले.

"काय करू राह्यला?"

"काही नाही आण्णा. शेतीचा गेम आहे."

"चांगलं पीक आहे," ते म्हणले. मग थोडं वाकून विचारलं, "पाणी कुठून देतो?"

"यात पाणी द्यावंच लागत नाही."

ते हसले. खरंच हसले, त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा. म्हणले, "ज्यानं हे केलं त्यानं कधी दारं धरलेली दिसत न्हाई."

चहा पिताना त्यांनी सांगितलं, बाग तोडायची ठरवली. मोडीच्या भावात लाकूड जाईल, ते विचारून आलो. मी रविवारी गावाकडं गेलो. तीनशे झाडांचं सरण दोन दिवसांत रचून झालं. आण्णा प्रत्येक झाडाला कुऱ्हाड लागायच्या आधी हात लावत होते. सोमवारी ऑफिसात आल्यावर मी 'फार्मव्हिल' उघडला नाही, पुढंही कधी नाही. २०२०च्या ३१ डिसेंबरला तो गेम कंपनीनं बंद केला असं वाचलं. माझं त्यातलं शेत केव्हाच सुकलं होतं.

त्यामानानं 'स्टार्ड्यू व्हॅली' मला पटला. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं चार-साडेचार वर्षं खपून केलेला, २०१६चा गेम. पुतण्यानं लॅपटॉपवर दाखवला. यात झारीनं पाणी द्यावं लागतं आणि पाऊस पडला तर त्या दिवशी सुट्टी मिळते. दमलं की झोपावं लागतं. म्हणजे यानं कुठंतरी चिखलात पाय घातला असावा. पण गंमत पुढं आहे. मुळ्यासारख्या एका कंदाचं बी वीस नाण्यांना मिळतं, चार दिवसांत पीक येतं आणि पस्तीस नाण्यांना जातं. सांच्याला माल घरापुढच्या पेटीत टाकायचा, सकाळी पैसे हजर. ना आडत, ना हमाली, ना कटती. आणि भाव पहिल्या दिवशी जो, तोच दहाव्या दिवशी. आमच्याकडं याला हमीभाव म्हणतात आणि तो गेमातच दिसतो.

२०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि खेळणाऱ्यांचा ओटा मोडला. आधी एक डबा आणि वीस पोरं, आता वीस पोरं आणि वीस फोन. पारावर सगळे शेजारी बसून माना खाली. २०१८ला पबजी आला. कोरियातल्या कंपनीचा. विमानातून शंभर जण उड्या टाकतात, शेवटी जो उरतो तो जिंकतो. म्हातारी माणसं म्हणतात, पोरं बिघडली. मी खेळून बघितलाय. त्यात मारामारीपेक्षा लपणं जास्त आहे. गवतात पडून राहायचं, आवाजाचा कानोसा घ्यायचा. डुकरं राखायला बसल्यावर दुसरं काय करतो आपण? गेम वाईट नाही. वाईट हे की त्याला शेवट नाही. मिशीवाल्याला राणी सापडली की गेम संपायचा, आपण घरी जायचो. हे नवे गेम घरी जाऊच देत नाहीत. २०२०च्या २ सप्टेंबरला सरकारनं ११८ ॲप बंद केले, त्यात पबजी गेला. पुढच्या वर्षी जुलैत नाव बदलून परत आला. बंदीनं आमच्या पारावर एकाचीही मान वर झाली नाही.

लॉकडाऊनात माझी मायही खेळाडू झाली. लुडो किंग. नवी मुंबईतल्या कंपनीनं केलेला हा गेम, म्हणजे आपल्याकडचाच. लुडोचं पेटंट इंग्लंडात १८९६ साली घेतलं गेलं, पण मूळ आपली पचिसी. माय लहानपणी चिंचोके फोडून फासे करायची आणि जमिनीवर कोळशानं घरं आखायची. आता ती पुण्यातल्या माझ्या बहिणीशी फोनवर खेळायची आणि सोंगटी मेली की फोनला शिव्या द्यायची. माझ्या मते आपल्या गावांना सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेला गेम हाच. त्या दिवसांत मायलेकींची भेट त्या पटावरच व्हायची.

आणि सगळ्यांत वाईट कोणता, तर पैशांची रमी. माझ्या एका चुलत भावानं सोयाबीनची अख्खी पट्टी तीन रात्रींत त्यात घातली. हा तोच, रणगाड्यात कधी न हरणारा. २०२५च्या ऑगस्टमध्ये असल्या पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेत झाला. चांगलं झालं. पण भावाची म्हैस काही परत आली नाही.

त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं धिंगाणा घातला. ज्या शिवारानं पाण्यासाठी टाचा घासल्या त्यात आठ दिवस पाणी तुंबलं. बोंडं काळी पडली. दिवाळीच्या तोंडावर एक दिवस माझ्या खात्यातून चारशे रुपये गेलेले दिसले. माझा पोरगा बारा वर्षांचा. माझ्या फोनवरून त्यानं गेमातल्या गड्याला कपडे घेतले होते. त्या सालात चारशे म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मी हात उगारला.

आण्णा बाजेवर पडून होते. वय पंच्याहत्तरीच्या आसपास, एका डोळ्याला मोतीबिंदू. पडल्या पडल्या म्हणले, "मारू नको त्याला."

"आण्णा, चोरी आहे ही."

"आहेच. तू ओंजळीनं नेत व्हता, ह्यो बोटानं नेतोय."

माझा हात तसाच खाली आला. पोरगं आजोबाकडं बघत राहिलं. मग मी त्याला समोर बसवून कापसाची गोष्ट सांगितली. खिसे, सदरा, आठ आणे, ढिगातला खड्डा, मोंढ्यातली रात्र. त्याला सगळ्यात नवल वाटलं ते कापूस देऊन गेम मिळायचा याचं. शेवटी मी म्हणलं, "पाहिजे असलं की माग. मी नाही म्हणेन, भांडण होईल, होऊ दे. पण माग." तो मान हलवून उठला. त्याला किती कळलं ते आता सांगता येणार नाही. मलाही त्या रात्री सगळं कळलं नव्हतं.

त्यानंतरच्या आठवड्यात जालन्याच्या बाजारात एका टपरीवर तोच डबा दिसला. नवा, पण तसाच. दोन रिमोटं, बंदूक, कॅसेट. घासाघीस करून घेतला. घरी टीव्हीला जोडला. बंदूक अर्थातच चालली नाही. पोरानं मिशीवाला दहा मिनिटं खेळला आणि म्हणाला, "पप्पा, यात बोलता येत नाही का कुणाशी?" आणि बाहेर गेला. मी एकटाच वर वर, खाली खाली करत बसलो.

"तो मिशीवाला लाव," मागून आवाज आला.

आण्णा बाजेवर उठून बसले होते. मी रिमोट त्यांच्या हातात दिलं, कुठल्या बोटानं काय दाबायचं ते दाखवलं. तीस वर्षांत त्यांनी कधी खेळायला मागितलं नव्हतं. मिशीवाला चार पावलं चालला आणि पहिल्याच तपकिरी किड्याला धडकून मेला. दुसऱ्या खेपेला किड्यावरून उडी जमली, पाइपाला अडकला, मागून दुसरा किडा आला. तिसऱ्या खेपेला थेट खड्ड्यात.

"आता?"

"आता संपला, आण्णा. तीन जीव झाले. पुन्हा पहिल्यापासून."

"म्हंजी दुबार पेरणी," ते म्हणले. चांगल्या डोळ्याच्या बाजूनं टीव्ही दिसावा म्हणून थोडे तिरके सरकून बसले आणि रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरलं. "लाव मग."